श्नित्झर: सगळं जिंकलेली टीम बंद का पडली?

वाशीच्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने विचारलंय: "काका, श्नित्झर मोटरस्पोर्टने टूरिंग कार (रस्त्यावरच्या गाड्यांवरून बनवलेल्या रेसच्या गाड्या) रेसिंगमध्ये जिंकण्यासारखं बहुतेक सगळं जिंकलं, तरी २०२० मध्ये टीम बंद झाली. असं का? आम्ही चार मित्र मुंबईतून छोटी टीम काढायच्या विचारात आहोत. त्यांच्या इतिहासात आमच्या कामाचं काही आहे का?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येतं. त्यांचं गिऱ्हाईक एकच होतं, बीएमडब्ल्यू. त्या गिऱ्हाइकाने करार थांबवला आणि काम संपलं. पण एवढ्यावर थांबलो तर तुझा दुसरा प्रश्न लटकत राहील. त्या एका गिऱ्हाइकाच्या जिवावरच ते इतकी दशकं पुढे राहिले. आणि ते राहू शकले, कारण नियम बदलले, गाड्या बदलल्या, मालिका बंद पडल्या, तरी माणसं तीच ठेवली. मारुती एस्टीमच्या काळापासून टूरिंग गाड्यांवर काम करतोय, आणि मला त्यांच्या ट्रॉफ्यांपेक्षा हीच गोष्ट जास्त अवघड वाटते.

आधी एक घोळ मिटवतो. मुंबईत बीएमडब्ल्यूच्या मागे 'एसी श्नित्झर' असं लिहिलेलं दिसतं, ती वेगळी कंपनी. ती १९८७ मध्ये आखेन शहरात सुरू झाली आणि रस्त्यावरच्या गाड्यांना चाकं, स्पॉयलर, एक्झॉस्ट बसवून देते. नाव एकाच घराण्याचं, काही काळ रेसच्या गाड्यांवरही तेच झळकलं. पण रेसिंगची टीम बव्हेरियातल्या फ्रायलासिंगची. हे छोटं गाव अगदी ऑस्ट्रियाच्या सीमेवर आहे, नदी ओलांडली की साल्झबुर्ग.

तिथे योसेफ आणि हर्बर्ट या श्नित्झर बंधूंचं गॅरेज होतं. योसेफ स्वतः चालवायचा आणि चांगला चालवायचा. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यू २००० टीआय घेऊन त्याने जर्मन अजिंक्यपद मिळवलं. पण या घराचं नाव आधी झालं ते इंजिनांमुळे. १९७५ मध्ये जाक लाफितने युरोपियन फॉर्म्युला टू, म्हणजे फॉर्म्युला वनच्या खालची मालिका, जिंकली, तेव्हा त्याच्या मार्टिनी गाडीत श्नित्झरने तयार केलेलं बीएमडब्ल्यू इंजिन होतं. १९७८ मध्ये हाराल्ड एर्ट्लने जर्मन मालिका जिंकली ती श्नित्झरच्या ३२० टर्बोवर. आणि हे नीट लक्षात ठेव, त्याच सुमारास त्यांनी टोयोटासाठी सेलिका टर्बोही बांधली होती. म्हणजे एकेकाळी त्यांच्या दारात दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

१९७८ मध्येच योसेफ रस्त्यावरच्या अपघातात गेला. हर्बर्ट राहिला, आणि पुढे आला तो त्यांचा सावत्र भाऊ चार्ली लाम. पुढची चार दशकं श्नित्झरच्या पिटमध्ये शेवटचा शब्द चार्लीचा. तो ड्रायव्हर नव्हता, इंजिन बांधणाराही नव्हता. तो टीम चालवायचा. आपल्याकडे या कामाला कोणी मोजत नाही. स्पॉन्सर ड्रायव्हरचा फोटो मागतो, फार तर इंजिनवाल्या मेस्त्रीचं नाव विचारतो. पण कोणता टायर कधी बदलायचा, पाऊस यायच्या आधी गाडी आत घ्यायची की आल्यावर, दोन गाड्यांपैकी कोणती पुढे जाऊ द्यायची, हे ठरवणारा माणूस २४ तासांच्या शर्यतीत ड्रायव्हरइतकाच महत्त्वाचा असतो. बेल्जियमची स्पा आणि जर्मनीची न्युरबुर्गरिंग या दोन्ही २४ तासांच्या शर्यती श्नित्झरने पाच-पाच वेळा जिंकल्या. एवढ्या वेळा नुसत्या वेगावर जिंकता येत नाही.

आता ग्रुप ए, म्हणजे ऐंशीच्या दशकातले टूरिंग कारचे नियम. इथे थोडा थांबतो, कारण टूरिंग कारचा धंदा समजायला याहून चांगला काळ नाही.

नियम असा होता की गाडी शर्यतीला आणायची तर कंपनीने तशा ५,००० गाड्या बारा महिन्यांत बनवलेल्या हव्यात. पुढे सुधारलेली आवृत्ती आणायची तर आणखी ५००. बीएमडब्ल्यूने पहिली एम३ बनवली ती याच हिशेबाने. फुगीर मडगार्ड, बदललेली मागची काच, उंच केलेली डिकी, २.३ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, हे सगळं रस्त्यावरच्या गाडीत आलं ते शर्यतीत चालावं म्हणून. त्याआधी श्नित्झर ६३५ सीएसआय चालवायचे. मोठी, जड, पण दणकट गाडी. डीटर क्वेस्टरने १९८३ चं आणि रॉबर्टो रावालियाने १९८६ चं युरोपियन अजिंक्यपद तिच्यावरच मिळवलं. १९८७ ला एम३ आली आणि त्याच वर्षी पहिलीवहिली जागतिक टूरिंग कार मालिका सुरू झाली.

समोर फोर्ड सिएरा होती, टर्बोवाली. त्यातली वर्षाच्या मध्यावर आलेली आरएस५०० तर ताकदीत एम३ च्या कितीतरी पुढे. सरळ रस्त्यावर एम३ तिच्यापुढे उभी राहू शकत नव्हती. पण एवढी ताकद मागच्या दोन चाकांतून जमिनीवर उतरवायची म्हणजे टायर खाल्ले जाणार, डिफरन्शियल तापणार, पेट्रोल जास्त लागणार. एम३ हलकी, ब्रेकवर कमी ताण, टायर जास्त टिकणारे. शिवाय गुण देताना एकूण क्रमांकाबरोबर इंजिनाच्या गटातला क्रमांकही धरला जायचा. त्यामुळे सिएरा पुढे निघून गेली तरी आपल्या गटात पहिलं येऊन गुण जमवत राहणं शक्य होतं. हे गणित ज्याने मार्चमध्येच मांडलं, त्याला वर्षभर कोणती लढाई लढायची आणि कोणती सोडायची हे ठाऊक होतं.

पण मजा पुढे आहे. पहिलीच शर्यत इटलीत मोंझाला. पुढे आलेल्या एम३ गाड्या तपासणीत बाद झाल्या. बॉडीचे भाग, त्यात डिकीचं झाकण, मंजूर झालेल्या नमुन्यापेक्षा हलके निघाले. सातव्या नंबरवर आलेली ऑस्ट्रेलियन होल्डन कमोडोर विजेती ठरली. मग वर्षाच्या शेवटाकडे ऑस्ट्रेलियात बॅथर्स्टला उलटा न्याय झाला. पहिल्या-दुसऱ्या आलेल्या सिएरांचे पुढचे मडगार्ड नियमात बसत नाहीत असं ठरलं, त्या बाद झाल्या आणि सिएराचा ड्रायव्हर क्लाउस लुडविग याचे गुण गेले. शेवटी श्नित्झरच्या एम३ वरचा रावालिया २६९, लुडविग २६८. एका गुणाने जागतिक अजिंक्यपद, आणि ते ठरलं डिकीच्या पत्र्यावर आणि मडगार्डच्या कडेवर. ती मालिका त्या एका वर्षानंतर बंदच झाली, परत आली ती २००५ मध्ये.

लोक ही गोष्ट 'दोघेही चोर' म्हणून सांगतात. मला ते पटत नाही. टूरिंग कारमध्ये गाडी दुकानातल्या गाडीसारखी दिसायला हवी, पण चालायला नको, आणि या दोन गोष्टींमधल्या चिंचोळ्या जागेतच प्रत्येक टीमचा इंजिनिअर काम करतो. नियमपुस्तकात जे लिहिलंय ते एक. तपासणारा ते कसं वाचतो ते दुसरं. आणि प्रतिस्पर्ध्याने तक्रार केल्यावर ते कसं वाचलं जातं ते तिसरं. या तिन्ही वाचनांत टिकेल तेवढंच गाडीवर ठेवायचं असतं.

रावालियाने १९८८ ला पुन्हा युरोपियन आणि १९८९ ला डीटीएम ही जर्मन टूरिंग कार मालिका जिंकली. सलग चार वर्षं, चार अजिंक्यपदं, तीन वेगवेगळ्या मालिका, टीम एकच.

नव्वदच्या दशकात ग्रुप ए मागे पडत गेला आणि दोन लिटरच्या सुपर टूरिंगचे दिवस आले. टर्बो नाही, इंजिन ८,५०० आरपीएमच्या वर न्यायचं नाही, चार दरवाजांची घरगुती गाडी. १९९३ ला श्नित्झर ब्रिटनमध्ये उतरले आणि पहिल्याच वर्षी योआखिम विंकेलहॉकने ३१८आय वर ब्रिटिश मालिका जिंकली, दुसरा स्टीव्ह सोपर, तोही त्यांचाच. हा तोच सोपर जो १९८७ ला समोरच्या सिएरात होता. ब्रिटिश ट्रॅक जर्मन टीमला नवे, तिथली धक्काबुक्की नवी. त्यात मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा जास्त वजन वाहायला लावायचे. तिचा स्टार्ट चांगला लागतो म्हणून. १९९५ ला विंकेलहॉक जर्मनीत जिंकला, सोपर जपानमध्ये. एकाच वर्षी दोन खंडांत दोन अजिंक्यपदं. सुटे भाग, माणसं, टायरची माहिती दोन ठिकाणी वाटून हे साधायचं म्हणजे काय, ते ज्याने मुंबईहून चेन्नईला एक ट्रक भरून पाठवलाय आणि पोचल्यावर चाकाचा हब घरीच राहिलाय हे ज्याला कळलंय, त्यालाच विचार.

१९९९ चं ल मान्स, म्हणजे फ्रान्समधली २४ तासांची शर्यत, मी पटकन उरकतो, कारण ते टूरिंग कार नव्हे. पण सांगायलाच हवं. बीएमडब्ल्यूने विल्यम्सबरोबर व्ही१२ एलएमआर ही उघडी गाडी बांधली आणि ट्रॅकवर चालवायला दिली श्नित्झरला. त्यांची एक गाडी मोठ्या आघाडीवर असताना लेहतो या ड्रायव्हरच्या हाती आपटली, दुसरीने शर्यत जिंकली. चालक विंकेलहॉक, मार्टिनी आणि दाल्मा. बीएमडब्ल्यूचा ल मान्सचा तो एकमेव निर्भेळ विजय.

माझ्या दृष्टीने त्याहून शिकण्यासारखी गोष्ट २००१ ची. अमेरिकन ल मान्स मालिकेत पोर्शे ९११ गाड्या ऐकत नव्हत्या. बीएमडब्ल्यूने एम३ मध्ये सहा सिलिंडरच्या जागी चार लिटरचं व्ही८ घातलं, एम३ जीटीआर. यॉर्ग म्युलर त्या वर्षी जीटी गटाचा विजेता. दुकानात अशी एम३ मिळत नव्हती, म्हणून ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नियम आला: अशा १०० गाड्या आणि १,००० इंजिनं बनवा, नाहीतर घरी जा. बीएमडब्ल्यू घरी गेली. एवढं खर्चून बांधलेली गाडी एका कागदाने भंगारात.

पण श्नित्झरने ती भंगारात जाऊ दिली नाही. न्युरबुर्गरिंगच्या २४ तासांचे नियम वेगळे आणि बरेच सैल. जीटीआर तिथे नेली. २००४ ला जिंकली, २००५ ला परत जिंकली. नियम मोडायचा नाही, नियमाशी भांडत बसायचं नाही, तीच गाडी जिथे चालते अशी जागा शोधायची. तुम्हा पोरांना एक गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. आपल्याकडेही एका मोसमात गट बंद होतो, दुसऱ्या मोसमात टायर बदलतो, आणि लोक गाडी विकून मोकळे होतात.

त्याच काळात युरोपियन टूरिंग कारमध्ये ते चालू होतेच. २००४ ला श्नित्झरचा डर्क म्युलर आणि अँडी प्रियो यांचे गुण सारखे झाले, दोघेही बीएमडब्ल्यूवर, पण टीम वेगळ्या. प्रियोने जास्त शर्यती जिंकल्या होत्या म्हणून अजिंक्यपद त्याचं. जिंकणाऱ्याच्या गाडीत पुढच्या वेळी वजन भरायचं आणि दुसऱ्या शर्यतीत पहिले आठ उलटे उभे करायचे, असे नियम तेव्हा होते. अशा मालिकेत कधी कधी सहाव्या नंबरपेक्षा आठवा बरा असतो, कारण दुपारी तू सगळ्यांच्या पुढे उभा असतोस. मी ड्रायव्हरला हे समजावताना नेहमी थकतो. हेल्मेट घातलं की आठवा नंबर कोणालाच नको असतो.

मग २०१२. वीस वर्षांनी बीएमडब्ल्यू डीटीएममध्ये परतली, तीन टीम घेऊन, त्यात श्नित्झर. पहिलंच वर्ष, समोर ऑडी आणि मर्सिडीज वर्षानुवर्षं मुरलेल्या. शेवटच्या शर्यतीला हॉकेनहाइमला ब्रुनो स्पेंग्लर तीन गुणांनी मागे होता, गॅरी पॅफेट पुढे. स्पेंग्लरने शर्यत जिंकली आणि चार गुणांनी अजिंक्यपद. टीमचं अजिंक्यपदही श्नित्झरचंच. तेवीस वर्षांनी पुन्हा डीटीएम, तोच चार्ली लाम पिटच्या भिंतीवर.

आणि इथूनच उतरण आहे, जरी त्या दिवशी कोणाला दिसली नसेल. डीटीएमच्या गाडीचे कितीतरी भाग सगळ्यांना सारखेच असायचे आणि बाकीचे कारखान्यातून यायचे. योसेफच्या काळी श्नित्झर इंजिन स्वतः बांधायचे आणि ते दुसऱ्यांना पुरवायचे. आता बांधणारा कारखाना, टीम चालवणारी. चालवण्यात ते अव्वल होते, पण चालवणारी दुसरी टीम शोधता येते. २०१६ नंतर बीएमडब्ल्यूने डीटीएममधल्या टीम, ज्या तोवर चार झाल्या होत्या, दोनवर आणल्या आणि वगळलेल्यांत श्नित्झर होती. मग एम६ जीटी३. पण जीटी३ म्हणजे कोणीही पैसे देऊन विकत घ्यावी अशी गाडी. तिथे कारखान्याची खास टीम असण्याची गरजच कमी होते.

नोव्हेंबर २०१८ मध्ये मकाऊला आउगुस्तो फार्फुसने एफआयए जीटी वर्ल्ड कप जिंकला, ती चार्लीची ठरवून घेतलेली शेवटची शर्यत. दोन महिन्यांत, जानेवारी २०१९ ला, तो गेला. वय ६३. सूत्रं हर्बर्टच्या मुलाकडे आली. २०२० ला न्युरबुर्गरिंगचे २४ तास बीएमडब्ल्यूने दहा वर्षांनी जिंकले. आधीचा विजय २०१० चा, श्नित्झरचा. या वेळी जिंकणारी टीम दुसरी होती. डिसेंबरात जाहीर झालं की बीएमडब्ल्यू करार पुढे नेणार नाही आणि श्नित्झर मोटरस्पोर्ट बंद होतंय.

चार्ली गेला म्हणून टीम बंद पडली असं म्हणणारे भेटतात. मला तसं वाटत नाही. तो असता तर कदाचित आणखी दोन मोसम ओढले असते. पण ज्या टीमकडे स्वतःची गाडी नाही, स्वतःचं इंजिन नाही, दुसऱ्या कंपनीशी बोलणी नाहीत, तिचं आयुष्य कराराच्या शेवटच्या तारखेइतकंच. टोयोटावालं दार त्यांनी उघडं ठेवलं असतं तर? कोण जाणे, कदाचित मग बीएमडब्ल्यूने एम३ त्यांच्या हाती दिलीच नसती. एका कंपनीशी इमान राखल्याचा फायदा त्यांनी चाळीस वर्षं घेतला, हेही खरंच.

आता तुमचं. मुंबईत ट्रॅक नाही. जुहूच्या धावपट्टीवर गाड्या पळायच्या तो काळ आता फक्त म्हाताऱ्या मेस्त्रींच्या तोंडी उरलाय. श्नित्झरच्या गॅरेजपासून साल्झबुर्गरिंग जवळ, आपल्याला चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई नाहीतर कोइम्बतूर गाठायचं. म्हणजे तुमच्या तयारीतलं बरंचसं गॅरेजच्या फरशीवरच व्हायला हवं: कॅम्बर आणि टो (चाकांचे कोन), चारही चाकांवरचं वजन, ब्रेकचा तोल, सगळं ट्रक भरायच्या आधी, आणि लिहून. ट्रॅकवरचा सरावाचा वेळ ड्रायव्हरसाठी असतो, मेस्त्रीला नट शोधायला नाही.

पैशाचं म्हणशील तर कोणी टायरवाला किंवा डीलर मदत करत असेल तर जरूर घ्या, पण गाडी कोणाच्या नावावर आहे हे पहिल्या दिवशी कागदावर आणा. स्पॉन्सरची गाडी आणि तुमची मेहनत असा सौदा असेल तर मोसम संपल्यावर तुमच्याकडे टूलबॉक्स उरेल. निदान शेल, म्हणजे गाडीची मूळ बॉडी, तुमची असावी, इंजिन दुसऱ्याचं असलं तरी चालेल. आणि ज्याच्याकडून काम मिळतंय असे किमान दोघे असू देत, मग दुसऱ्याचं काम नुसतं कोणाची रोजची गाडी दुरुस्त करायचं का असेना.

चौघांपैकी कोण गाडी चालवणार यावर तुम्ही आधीच भांडला असणार. ते राहू दे. चौघांतला जो शांत आहे, ज्याला वाचायचा कंटाळा नाही, त्याला आत्तापासून नियमपुस्तक दे. एफएमएससीआयचे (भारतातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचे) नियम आणि तुम्ही ज्या गटात उतरणार त्याचे तांत्रिक नियम, दोन्ही. गाडी विकत घ्यायच्या आधी त्याला एका शर्यतीच्या आठवड्याला चेन्नईला पाठव. शर्यत नाही पाहिली तरी चालेल. तपासणीच्या शेडबाहेर उभं राहून कोणाची गाडी कशासाठी परत पाठवतात, तेवढं त्याने वहीत उतरवून आणावं. मग कोणती गाडी घ्यायची ते माझ्याशी बोल.